कबाला शिकायची असेल तर: अधिकार, क्रम आणि वाट

कबाला (ज्यू गूढविद्येची एक परंपरा) हा शब्द बहुतेकांना पहिल्यांदा भेटतो तो दहा वर्तुळांच्या आकृतीतून. मलाही तसाच भेटला. दहा वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या बावीस रेषा, प्रत्येक वर्तुळात एक हिब्रू शब्द. मी ते शब्द पाठ केले, अर्थ वहीत उतरवले, आणि सहा महिन्यांनी लक्षात आलं की आपल्या हाती फक्त नावं लागली आहेत. ज्या ग्रंथांवर ती आकृती उभी आहे, त्यातला एकही मी उघडलेला नव्हता.

आपल्याकडे ‘अधिकार’ हा शब्द एका जुन्या अर्थानेही वापरतात: एखादी विद्या घ्यायला माणूस तयार झाला आहे की नाही, हे त्याचा अधिकार ठरवतो. कबालेबद्दल ज्यू समाजात शतकानुशतकं वाद चालला आहे तो बराचसा या अर्थाच्या अधिकाराचा. कुणी शिकावी, कितव्या वर्षी, कुणाकडून, आणि त्याआधी काय शिकलेलं असावं? काहींनी तर मुळात ही विद्या आपली आहे का, असाही प्रश्न केला. हा वाद समजून घेणं हाच कबालेत शिरण्याचा सर्वांत चांगला रस्ता आहे असं माझं मत आहे, म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच्याच आधाराने रचल्या आहेत.

पहिली पायरी: शब्द नीट ऐका

हिब्रूमध्ये क-ब-ल या धातूचा अर्थ घेणं, स्वीकारणं. कबाला म्हणजे आधीच्यांकडून मिळालेलं. आजच्या इस्रायलमध्ये दुकानदार जी पावती देतो तिलाही कबालाच म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं, स्वागत करतात त्या प्रार्थनेचं नाव ‘कबालात शब्बाथ’. म्हणजे या शब्दातच देणारा आणि घेणारा अशी दोन माणसं गृहीत आहेत. गुरुमुखातून येणारी विद्या हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ज्यू गूढविद्या कबालेपेक्षा जुनी आहे. तालमूदच्या (रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांचा मोठा ग्रंथ) काळात ती दोन नावांनी ओळखली जायची: ‘मआसे बेरेशीत’, म्हणजे सृष्टीच्या आरंभाचा विषय, आणि ‘मआसे मेरकावा’, म्हणजे दिव्य रथाचा विषय. काटेकोर अर्थाने ज्याला कबाला म्हणतात ती 12व्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये आणि मग स्पेनमध्ये आकाराला आली. 1280च्या सुमारास स्पेनच्या कास्तील भागात ‘झोहर’ हा कबालेचा मुख्य ग्रंथ लोकांच्या हाती येऊ लागला. 16व्या शतकात गालीलमधलं सफेद हे डोंगरावरचं गाव या विद्येचं केंद्र झालं. 18व्या शतकात पूर्व युरोपात हसिदी पंथाने ती सामान्य माणसाच्या भाषेत आणली. सुरुवातीला एवढा कालक्रम पुरे.

दुसरी पायरी: मिश्नातलं ते एक वाक्य

मिश्ना हा इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेला ज्यू धर्मनियमांचा पाया. त्यातल्या ‘हगिगा’ प्रकरणाच्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवात आपल्या विषयाचं दारच आहे. तिथे म्हटलं आहे की सृष्टीच्या आरंभाचा विषय दोघांसमोर उलगडू नये, आणि रथाचा विषय तर एकट्यासमोरही उलगडू नये, तो शहाणा आणि स्वतःच्या बुद्धीने जाणणारा असल्याशिवाय.

पहिल्यांदा वाचताना हे दार बंद केल्यासारखं वाटतं. पण शेवटची अट नीट पाहा. एकच शिष्य समोर आहे, आणि तो ‘स्वतःच्या बुद्धीने जाणणारा’ हवा. मग गुरूने सांगायचं तरी काय? याचं उत्तर तालमूद नियमातून देत नाही, गोष्टीतून देतं.

रब्बी योहानान बेन झक्काई गाढवावर बसून चालले होते. मागून शिष्य एलाझार बेन आराख गाढव हाकत होता. शिष्य म्हणाला, “रब्बी, मला रथाचा एक पाठ शिकवा.” गुरूने त्याला तोच नियम ऐकवला: एकट्यासमोरही नाही, तो स्वतः जाणणारा असल्याशिवाय. शिष्य म्हणाला, “मग तुम्हीच मला शिकवलेलं एक तुमच्यासमोर बोलू का?” गुरू म्हणाले, बोल. आणि लगेच ते गाढवावरून उतरले, अंगावर वस्त्र ओढून घेतलं आणि एका ऑलिव्हच्या झाडाखाली दगडावर बसले. शिष्याने विचारलं, का उतरलात? ते म्हणाले, तू रथाचा विषय बोलतोस, शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य, आपल्यासोबत आहे, देवदूत बरोबर चालत आहेत, आणि मी गाढवावर बसून राहू? एलाझार बोलू लागला. आकाशातून अग्नी उतरला, शेतातल्या साऱ्या झाडांभोवती फिरला, आणि झाडं गाऊ लागली. गुरूने उठून शिष्याच्या मस्तकाचं चुंबन घेतलं.

ही गोष्ट दोनदा वाचा. यात गुरू काहीच शिकवत नाही. शिष्य बोलतो आणि गुरू खाली बसून ऐकतो. ज्याला अधिकार आहे त्याच्या तोंडून विद्या आपणच बाहेर येते, आणि नियमही मोडत नाही.

त्याच पानावर दुसरी गोष्ट आहे, ती जास्त प्रसिद्ध. चौघे जण ‘पार्देस’मध्ये, म्हणजे बागेत, शिरले. बेन अझ्झाईने पाहिलं आणि तो मेला. बेन झोमाने पाहिलं आणि त्याला बाधा झाली. एलिशा बेन अबुयाने ‘रोपं कापली’, म्हणजे धर्माची वाट सोडली. तेव्हापासून त्याला ‘अहेर’, म्हणजे ‘दुसरा’, म्हणतात. फक्त रब्बी अकिवा सुखरूप बाहेर आले. चारांपैकी एक. पुढच्या प्रत्येक शतकात कबालेबद्दल सावध करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट सांगितली आहे, आणि तिच्याकडे ओढले गेलेल्या प्रत्येकानेही.

तिसरी पायरी: आधी पोट भरा

इथे लागणारा वेळ सर्वांत जास्त आहे, आणि बहुतेक नवखे इथेच घाई करतात.

12व्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीसने (1138–1204) लिहून ठेवलं की ज्याचं पोट भाकरी आणि मांसाने भरलं आहे त्यानेच पार्देसमध्ये फिरावं. भाकरी आणि मांस म्हणजे काय, तेही त्याने सांगितलं: काय चालतं आणि काय निषिद्ध, याचं ज्ञान. गंमत अशी की मैमोनिदीसच्या मते पार्देस म्हणजे निसर्गविज्ञान आणि तत्त्वज्ञान. झोहर तर त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी आला. तरी 16व्या शतकात क्राकोवच्या रब्बी मोझेस इस्सर्लेसने धर्मनियमांच्या ग्रंथावरील आपल्या टीपांमध्ये हाच विचार पुन्हा मांडला, आणि आज कबालेच्या अभ्यासाबद्दल कुठल्याही सनातनी रब्बीला विचारलं तर उत्तरात तो येतोच.

तुम्ही ज्यू नसाल तर काय चालतं आणि काय निषिद्ध याचं पूर्ण शास्त्र तुमच्यावर बंधनकारक नाही. पण कबालेचे ग्रंथ ज्या पुस्तकांच्या वाक्यांवर बोलतात ती वाक्यं माहीत नसतील तर झोहरचं एक पानही उघडत नाही. मराठी वाचकाची सोय अशी की ही पुस्तकं मराठीत आहेत. कुठलंही मराठी पवित्र शास्त्र घ्या आणि या क्रमाने वाचा: उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय, मग निर्गमचे 19 आणि 20, यशयाचा सहावा अध्याय, नीतिसूत्रांचा आठवा, आणि गीतरत्न पूर्ण. मग यहेज्केलचा पहिला अध्याय. तोच तो रथाचा विषय. खबार नदीच्या काठी यहेज्केलला वादळ दिसतं, चार मुखांचे चार प्राणी, चाकात चाक, डोळ्यांनी भरलेल्या चाकांच्या धावा, आणि सर्वांच्या वर नीलमण्यासारखं सिंहासन. एका बैठकीत मोठ्याने वाचा.

त्या अध्यायात ‘हश्मल’ असा एक शब्द आहे. अग्नीच्या आत चमकणारं काहीतरी. तालमूद सांगतं की एका मुलाला हश्मल म्हणजे काय ते कळलं, आणि त्यातून आग निघून तो जळाला. आजच्या हिब्रूत हश्मल म्हणजे वीज. इस्रायलमध्ये विजेचं बिल येतं ते याच शब्दाने.

पाठोपाठ हिब्रूची बावीस अक्षरं शिका. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत वाचता येतात. भाषा शिकणं वेगळं आणि लांबचं काम आहे, पण अक्षरं यायलाच हवीत, कारण कबालेत अक्षर हे फक्त आवाजाचं चिन्ह नसतं. ‘सेफेर येत्सिरा’ नावाचं एक छोटंसं जुनं पुस्तक दहा सेफिरोत (आकृतीतली ती दहा वर्तुळं) आणि बावीस अक्षरं मिळून बत्तीस मार्गांनी सृष्टी झाली, असंच सांगतं.

आता एक सराव. ज्यू परंपरा एका वाक्याच्या चार पातळ्या मानते: पेशात म्हणजे सरळ अर्थ, रेमेझ म्हणजे सूचित अर्थ, देराश म्हणजे उलगडून, इतर वाक्यांशी जोडून काढलेला अर्थ, आणि सोद म्हणजे रहस्य. या चार शब्दांची पहिली अक्षरं जोडली की पार्देस होतो. तीच ती बाग. बायबलचं पहिलं वाक्य घ्या: ‘बेरेशीत बारा एलोहीम’, आरंभी देवाने निर्माण केलं. 11व्या शतकातला भाष्यकार राशी सरळ अर्थ सांगताना व्याकरणावर बोट ठेवतो. त्याच्या मते वाक्य असं वाचायला हवं: ‘देवाने निर्माण करायला आरंभ केला तेव्हा’. मिद्राश, म्हणजे रब्बींचं जुनं भाष्य, नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातला ‘रेशीत’ शब्द इथे आणतो. तिथे आरंभ म्हणजे प्रज्ञा, म्हणजेच तोरा (मोशेची पाच पुस्तकं). मग अर्थ होतो, जसा वास्तुकार नकाशा पाहून वाडा बांधतो तसं देवाने तोरा पाहून जग बांधलं. आणि झोहर तीच तीन पदं उलटी फिरवतो. कर्ता वाक्यात नाहीच, तो लपलेला आहे. त्या लपलेल्याने ‘आरंभाच्या’, म्हणजे प्रज्ञेच्या, द्वारे ‘एलोहीम’ निर्माण केला. देव वाक्याचा कर्ता न राहता कर्म होतो, आणि खरा कर्ता अक्षरांच्या आधी गप्प बसलेला असतो.

पहिले दोन अर्थ माहीत नसताना तिसरा वाचला तर तो चमत्कारिक वाटतो. ते माहीत असले तर अंगावर काटा येतो. पोट भरण्याचा अर्थ हाच.

रेमेझमध्ये अक्षरांच्या संख्या मोजणंही येतं, त्याला गेमात्रिया म्हणतात. ‘एहाद’ म्हणजे एक, त्याची संख्या 13. ‘अहावा’ म्हणजे प्रेम, तिचीही 13. दोन्ही मिळून 26, आणि देवाच्या चार अक्षरी नावाची संख्या 26. सुंदर आहे. पण यालाच कबाला समजू नका. गेमात्रिया तालमूदमध्येही आहे.

चौथी पायरी: ‘चाळीस वर्षांचा नियम’ कुठून आला

चाळीस वर्षांआधी कबाला शिकू नये, हे वाक्य तुम्ही लवकरच ऐकाल. अनेक जण ते सीनाय पर्वतावरून आल्यासारखं सांगतात. त्यामागे एक फार दुखरा इतिहास आहे.

16व्या शतकात सफेदमध्ये वारं उलट दिशेने वाहत होतं. मोझेस कोर्दोवेरोने (1522–1570) विद्यार्थ्यासाठी वीस वर्षांचं वय पुरेसं मानलं. हेब्रोनचे अब्राहम अझुलाई यांनी तर लिहिलं की कबाला उघडपणे शिकण्याची मनाई 1490पर्यंतच होती, आणि 1540पासून लहानथोरांनी उघडपणे शिकणं हेच उत्तम. सफेदचा सर्वांत मोठा गुरू आयझॅक लुरिया 1570 साली तिथे आला आणि 1572 साली साथीच्या रोगात गेला. वय 38. सफेदमध्ये जेमतेम दोन वर्षं शिकवून त्याने कबालेचा चेहरा बदलला. स्वतः फारसं लिहिलं नाही. शिष्य हाईम वितालने लिहून ठेवलं. चाळीसचा नियम लावला असता तर लुरियाला स्वतःचीच शिकवण वाचता आली नसती.

मग 1665 साली स्मिर्ना शहरातल्या शब्बताई झ्वीने आपण मशीहा असल्याचं जाहीर केलं. गाझाच्या नाथानने लुरियाच्या कबालेच्या भाषेत त्याची बाजू मांडली. ॲमस्टरडॅमपासून येमेनपर्यंत लोकांनी घरंदारं विकली, उपास केले, पवित्र भूमीला जायची तयारी केली. सप्टेंबर 1666मध्ये तुर्की सुलतानासमोर शब्बताईने इस्लाम स्वीकारला. कल्पना करा, ज्या समाजाने आपलं सगळं त्याच्यावर लावलं होतं त्याचं काय झालं असेल. काही अनुयायांनी तर धर्मांतरालाही कबालेचा गूढ अर्थ लावून श्रद्धा चालूच ठेवली. पुढच्या शतकात पोलंडमध्ये याकोब फ्रँकच्या गटाने ती आणखी भयानक वळणाला नेली. तेव्हा 1756 साली ब्रोडी इथे जमलेल्या रब्बींनी फ्रँकच्या अनुयायांवर बहिष्कार घातला आणि नियम केला: तीस वर्षांआधी झोहर नाही, चाळीस वर्षांआधी लुरियाचे ग्रंथ नाहीत.

चाळीस हा आकडा त्याआधीही काही ग्रंथांत येतो, पण त्याला कुंपणाचं बळ आलं ते या जखमेमुळे. म्हणून कुणी तुम्हाला वय विचारलं तर हसू नका. आणि कुणी म्हणालं की जुन्या मनाया आता निरर्थक आहेत, तर त्यालाही शब्बताईबद्दल विचारा.

पाचवी पायरी: पंचांगातून आत शिरा

आता ती दहा वर्तुळं. कबालेत देवाचं जे स्वरूप कुठल्याही शब्दात येत नाही त्याला ‘एन सोफ’ म्हणतात, अंत नसलेलं. त्यातून दहा सेफिरोत प्रकट होतात: केतेर, होखमा, बीना, हेसेद, गेवुरा, तिफेरेत, नेत्झाह, होद, येसोद, मालखुत. मुकुट, प्रज्ञा, समज, दया, कठोरता, सौंदर्य आणि पुढची. पाठ करायला दहा मिनिटं लागतात. मी सांगेन की पाठ करू नका, त्या वापरात पाहा.

पेसाह (वल्हांडण) सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत सणापर्यंत ज्यू 49 दिवस मोजतात, त्याला ओमेर म्हणतात. हेसेदपासून मालखुतपर्यंतच्या सात सेफिरोत आठवड्यांनाही आणि आठवड्यातल्या दिवसांनाही वाटून दिलेल्या असतात. पहिला दिवस ‘दयेतली दया’, दुसरा ‘दयेतली कठोरता’, असं अनेक प्रार्थनापुस्तकांत छापलेलं असतं. ते 49 दिवस रोज एक ओळ वहीत लिहा: आज दयेत कठोरता कुठे दिसली? मुलाला ओरडताना? कुणाला नाही म्हणताना? सात आठवड्यांनी सेफिरोत तुम्हाला आकृतीपेक्षा कितीतरी जवळच्या वाटतील. सुक्कोत या मांडवांच्या सणाच्या सात दिवसांत मांडवात सात पाहुणे बोलावतात: अब्राहाम दयेचा, इसहाक कठोरतेचा, याकोब सौंदर्याचा, मग मोशे, अहरोन, योसेफ आणि दावीद. तीच सात नावं, माणसांच्या रूपात.

आणि शुक्रवारी संध्याकाळी ‘लेखा दोदी’ ऐका. सफेदच्या श्लोमो अल्काबेझने रचलेलं हे गीत शब्बाथला नवरी म्हणून बोलावतं. कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत कवीने आपलं नाव गुंफलं आहे. शेवटच्या कडव्याला सगळे उठून दाराकडे तोंड करतात आणि तिला आत घेतात. कबालेला नाकं मुरडणारेही हे गीत म्हणतात. सफेदचे कबालिस्ट असे जिंकले. वाद घालून त्यांना एवढं साधलं नसतं.

लुरियाची शिकवण वाचाल तेव्हा तीन शब्द लागतील. ‘झिमझुम’: एन सोफने जगाला जागा द्यायला स्वतःला आवरून घेतलं. ‘शेविरात हाकेलीम’: दिव्य प्रकाश पेलणारी पात्रं फुटली आणि ठिणग्या सगळ्या सृष्टीत विखुरल्या. ‘तिक्कून’: माणसाने प्रत्येक मित्स्वा, म्हणजे आज्ञापालन, करताना त्या ठिणग्या उचलून परत जोडायच्या. या तिसऱ्या शब्दावर थांबा, त्याचं काम पुढे पडेल.

सहावी पायरी: कोण बोलतंय ते ओळखा

‘ज्यू लोक कबालेबद्दल काय मानतात’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. वाचताना लेखक कुठे उभा आहे ते आधी पाहा.

हसिदी लेखक कबालेला मनाच्या भाषेत आणतो. ल्यादीच्या श्नेऊर झालमानचा ‘तान्या’ (1796) माणसाच्या आतल्या दोन आत्म्यांची ओढाताण सांगतो, आणि आजही अनेक घरांत रोज त्याचा एक भाग वाचतात. हसिदींचा सर्वांत कडवा विरोधक विल्नाचा गाओन (1720–1797) स्वतः कबालेचा मोठा अभ्यासक होता. त्याचा आक्षेप कबालेवर नव्हताच. मोरोक्को किंवा इराककडचे ज्यू झोहर समजला नाही तरी मोठ्याने वाचत, जसं आपल्याकडे एखादं स्तोत्र अर्थ न कळताही म्हटलं जातं. त्या वाचनालाच पुण्य मानलं जातं.

विरोधकही ऐकायलाच हवेत. 14व्या शतकात रब्बी आयझॅक बार शेशेतने एका टीकाकाराचं म्हणणं नोंदवलं आहे: ख्रिस्ती तीन मानतात आणि कबालिस्ट दहा. व्हेनिसच्या लिओन मोदेनाने 1639 साली झोहर प्राचीन नाही असं सविस्तर मांडलं. झोहरचं श्रेय परंपरा दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योहायना देते, पण 1768 साली याकोब एम्देनने, जो शब्बताईपंथीयांचा कट्टर शत्रू होता आणि कबालेवर श्रद्धाही ठेवायचा, झोहरचा बराच भाग नंतरचा असल्याचं दाखवलं. आजचे बहुतेक संशोधक तो 13व्या शतकातल्या स्पेनमध्ये, मोझेस दे लिओन आणि त्याच्या आसपासच्या मंडळींत लिहिला गेला असं मानतात. येमेनमधल्या सनामध्ये रब्बी याह्या काफिहने (1850–1931) झोहरविरुद्ध उघड मोहीम उघडली आणि तिथला ज्यू समाज दोन तटांत फाटला.

विद्यापीठातला अभ्यास या सगळ्याहून वेगळा. 19व्या शतकातल्या बऱ्याच जर्मन ज्यू इतिहासकारांना कबालेची लाज वाटायची. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात गेर्शोम शोलेमने (1897–1982) ती इतिहासाचा गंभीर विषय म्हणून उभी केली. शोलेम तुम्हाला झोहर कधी आणि कुणी लिहिला ते सांगेल, त्यावर प्रार्थना कशी करायची ते सांगणार नाही. हसिदी गुरू नेमकं उलट. दोन्ही वाचा, पण एकाच बैठकीत नको.

सातवी पायरी: आपली घाई आवरा

मराठी वाचकाला एन सोफ वाचताच निर्गुण ब्रह्म आठवतं, सेफिरोत पाहिल्या की चक्रं. हे होणारच. मलाही झालं. पण निदान पहिलं वर्ष ही तुलना बाजूला ठेवा.

कारण तिक्कून. कबालेत माणसाचं कर्म वरच्या जगाला खरोखर काहीतरी करतं. शब्बाथचा दिवा लावल्याने, भुकेल्याला खाऊ घातल्याने देवाच्याच प्रकट स्वरूपातलं तुटलेलं सांधलं जातं. देवाला माणसाची गरज आहे, असं म्हणण्याच्या अगदी काठावर ही विद्या जाते. संसार सोडून जाणं इथे अभिप्रेत नाही. लग्न, जेवण, पंचांग यांतूनच सगळं घडतं. चक्रांच्या चौकटीत बसवलं की नेमकं हे वेगळेपण पुसलं जातं. दोन्ही परंपरांना त्यांच्या घरात राहू द्या, मग भेटीगाठी होऊ द्या.

टॅरो पत्त्यांना जोडलेली जी ‘कबाला’ दुकानांत मिळते ती दुसरीच शाखा आहे. 1486च्या सुमारास इटलीत पिको देल्ला मिरांदोलाने ख्रिस्ती विचारात कबाला आणली, आणि 19व्या शतकातल्या इंग्लंडच्या गूढ मंडळांनी तिला आणखी वळण दिलं. ती वाचायला हरकत नाही, पण तिला ज्यू मत समजू नका.

आता लाल दोरा. बेथलेहेमजवळ राहेलच्या कबरीला गुंडाळलेला लाल दोरा मनगटाला बांधण्याची प्रथा आज बरीच पसरली आहे. पण मिश्नाच्या जोडीचा ग्रंथ असलेल्या तोसेफ्तामध्ये बोटाला लाल दोरा बांधणं ‘अमोऱ्यांच्या चालीं’मध्ये, म्हणजे टाळायच्या अंधश्रद्धांच्या यादीत, आहे. ज्याची आजी गंडा बांधायची त्याला तो दोरा ओळखीचा वाटेल आणि त्यामागची माया खरी आहे. फक्त दोऱ्याचे, पाण्याचे किंवा रहस्याचे पैसे मागणाऱ्याकडून कबाला शिकू नका. लुरियाने नावं आणि ताईत वापरणारी ‘व्यावहारिक कबाला’ आपल्या शिष्यांना मना केली होती. 13व्या शतकातल्या नाहमानिदीसने आपल्या तोरा-भाष्याच्या प्रस्तावनेत बजावलं की माझ्या भाष्यातले कबालेचे इशारे तर्काने उकलायला जाऊ नका, ते जाणत्या गुरूच्या तोंडून समजूतदार शिष्याच्या कानातच जातात. शिक्षक निवडताना मी एकच पाहतो: तो तोराच्या सरळ अर्थाचा आदर करतो का.

कोकणातल्या बेने इस्रायलींचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, एलियाहू हनाबीवरचं (एलिया संदेष्ट्यावरचं) प्रेम, मलिद्याचं ताट, अलिबागजवळच्या खंडाळ्यातला खडक जिथे त्याच्या रथाच्या खुणा मानतात, हे पाहून काहींना ती कबाला वाटते. ती आपल्या मातीत रुजलेली ज्यू भक्ती आहे, झोहरपासून स्वतंत्र. कबालिस्टांनाही एलियाहू भेटतो, पण तो रात्री येऊन रहस्य शिकवणारा. गावकऱ्यांना भेटतो तो नवस ऐकणारा.

आठवी पायरी: झोहरचं पहिलं पान, आणि पुण्याची एक गोष्ट

वर्षभर हे झालं असेल तर झोहर उघडा. मूळ अरामी भाषेत आहे. डॅनियल मॅट यांच्या पुढाकाराने झालेला 12 खंडांचा इंग्रजी अनुवाद (2004–2017) भरपूर टीपांसह आहे, आणि सेफारिया या संकेतस्थळावर ज्यू ग्रंथसंपदा मूळ भाषेत आणि इंग्रजीत मोफत वाचता येते. सुरुवातीपासून सलग वाचू नका. झोहर तोरावरचं भाष्य आहे. आधी उत्पत्तीतला एखादा परिच्छेद मराठीत वाचा, मग राशी, मग त्याच वाक्यावरचा झोहर. एका आठवड्यात एक पान. शक्य तर दोघांनी मिळून. ज्यू परंपरेत अभ्यास जोडीने होतो.

हा ग्रंथ सर्वांच्या भाषेत यावा का, हा वाद आपल्या पुण्यातही झाला आहे. 1887 साली पुण्यातले बगदादी ज्यू अब्राहम डेव्हिड इझिकिएल यांनी झोहरमधल्या ‘इद्रा झुता’ या भागाचा ज्यू-अरबी अनुवाद छापला. अरबी भाषा, हिब्रू अक्षरं, म्हणजे बगदादी घरातल्या कुणालाही वाचता येईल असा. ते थिऑसॉफिकल सोसायटीचे सदस्य होते. बगदादच्या रब्बींनी तीव्र विरोध केला. अझुलाईंचं 1540 आणि ब्रोडीचं 1756, दोन्ही बाजू पुन्हा एकदा समोरासमोर आल्या, या वेळी मुठेच्या काठी.

इद्रा झुता म्हणजे ‘छोटी सभा’. रब्बी शिमोनच्या आयुष्याचा शेवटचा दिवस. आजवर बोललो नाही ते आज बोलतो, असं ते म्हणतात. रब्बी अब्बा लिहून घेत आहेत. घरात एवढा प्रकाश आहे की त्यांच्याकडे पाहवत नाही. ते वाचण्याआधी मराठी स्तोत्रसंहितेतलं 133वं स्तोत्र वाचून घ्या. तीनच वचनं आहेत, भावाभावांनी एकत्र राहण्याबद्दल आणि हर्मोनवरच्या दहिवराबद्दल. शिमोन याच स्तोत्राचं शेवटचं वचन उच्चारत असतात. ‘जीवन’ या शब्दावर त्यांचा आवाज थांबतो. रब्बी अब्बा खाली मान घालून पुढचा शब्द लिहायला वाट पाहत राहतात, आणि पुढे काही ऐकू येत नाही.